टायपरायटर एक, चालकासहित

शारजाच्या एका कंपनीत मी काही वर्षं नोकरी केली, पण तिथल्या माणसांच्या यादीत माझं नाव कधीच नव्हतं. मी सामानाच्या यादीत होते. पाइप, पान्हे, पाण्याचे पंप, तंबू आणि त्यांच्याखाली ‘टायपरायटर एक, चालकासहित’. ही करामत आमच्या हेडक्लार्कची. सगळा कॅम्प त्यांना चाचा म्हणायचा, मीही म्हणायची. हे लिहिताना ते शेजारी असते, तर त्यांनी पहिल्याच ओळीवर हिरवी पेन्सिल टेकवली असती. “काही वर्षं म्हणजे किती? रेकॉर्ड बघून लिही गो बाय.”

ही गोष्ट एकोणीसशे साठनंतरच्या वर्षांतली. तेव्हा अमिराती एक झालेल्या नव्हत्या. दुबईला जायचं तर भरती-ओहोटी बघून लँडरोव्हर ओल्या वाळूवरून न्यावी लागे, आणि वेळ चुकली तर ती तिथेच सोडून चालत यावं लागे. आमची कंपनी इंग्रजांची. विहिरींपासून गावापर्यंत पाण्याचे पाइप टाकायचं काम होतं. मोठं ऑफिस बहारीनला. इकडे वाळूत तंबू, पत्र्याच्या चार खोल्या, आणि त्यातल्या एकीत चाचा. खाकी हाफपँट, गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्यावर काळी टोपी, कानावर हिरवी पेन्सिल. पत्रा इतका तापायचा की भिंतीला टेकायची सोय नव्हती. तरी चाचांचे मोजे खाली आलेले मी कधी पाहिले नाहीत.

वाळूत राहणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी नाद लागतोच. आमचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, जन्मभर बोटीवर रांधत आलेला. त्याला पत्त्यांचा नाद होता. इंग्रज मॅनेजरला झोपेचा. चाचांना रोमन पलटणीच्या दप्तराचा. लढायांचा नाही, दप्तराचा.

चाचा मूळचे श्रीवर्धनकडचे. महायुद्धात ते ब्रिटिश फौजेत कारकून म्हणून इजिप्तला गेले. तिथला त्यांचा वरचा अधिकारी लढाईआधी कुठल्याशा कॉलेजात रोमन सैन्याचे जुने कागद वाचायचं काम करायचा. शेकडो वर्षं कोरड्या वाळूत पुरले गेल्यामुळे कुजायचे राहिलेले कागद. आज तुकडीत माणसं किती, आजारी कोण, पहाऱ्यावर कोण, कुणाचा घोडा किती वर्षांचा, त्याच्या मांडीवर डाग आहे की नाही. जाताना त्या अधिकाऱ्याने चाचांना अशा कागदांची दोन जाड पुस्तकं दिली. एका पानावर लॅटिन, समोरच्या पानावर इंग्रजी. चाचांना लॅटिनचं एक अक्षर येत नव्हतं आणि त्याची त्यांना काडीची लाज नव्हती.

“डाव्या पानाशी आपलं काय काम?” ते म्हणायचे. “उजवं पान आहे ना.”

त्यांचं म्हणणं असं, की लोक उगीच रोमनांचे पूल आणि देवळं बघत फिरतात. “पूल काय, कुणीही बांधील. उजाडल्याबरोबर रिपोर्ट कोण देईल?” साम्राज्य कसं बुडालं याचंही कारण त्यांच्याकडे तयार होतं. “सगळे सांगतात, रानटी टोळ्या आल्या. अगो, टोळ्या आधीपण येतच होत्या. कुठल्यातरी लांबच्या चौकीने एके दिवशी हजेरीचं रिटर्न पाठवलं नाही, आणि वरच्याने विचारलं नाही. तिथे खलास.”

हे खरं की खोटं, मला माहीत नाही. पण मॅनेजर एकदा म्हणाला की त्या बुडण्याला इतरही काही कारणं होती, तेव्हा चाचांनी त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि त्याच्यासमोर सहीला कागद ठेवला.

आमच्या कॅम्पात रोज सकाळी रोमन पद्धतीने रिपोर्ट निघायचा. हजर किती, आजारी किती, गैरहजर किती. गैरहजरांचे दोन प्रकार. चाचांच्या पुस्तकात एका पलटणीचा कागद होता, त्यात काही शिपाई बुडाले, काहींना लुटारूंनी मारलं, असं लिहिलेलं होतं. त्यांची नावं कमी करायची. पण काही जण कपडे आणायला गेले होते, काही धान्य आणायला. त्यांची नावं तशीच ठेवायची. “धान्याला गेलेला माणूस पलटणीतच असतो,” चाचा म्हणायचे. “लांब असला तरी.” त्यामुळे आमचा ड्रायव्हर पंक्चर काढायला दुबईतल्या देऱ्याला गेला आणि तिथे भावाकडे तीन दिवस जेवत बसला, तरी रिपोर्टात तो ‘धान्य आणायला’ असायचा. मॅनेजरने एकदा चिडून विचारलं, याने कधी एक दाणा आणलाय का? चाचा म्हणाले, “पुस्तकातल्यांनी आणला का, तेही लिहिलेलं नाही.”

दुसरा नियम असा, की तोंडी खबर धरायची नाही. एकदा हाच ड्रायव्हर धावत आला आणि ओरडला, “चाचा, पंपाला आग लागली.”

“लिहून दे,” चाचा म्हणाले.

त्याला लिहिता येत नव्हतं. मग त्याने सांगितलं, मी टाइप केलं, त्याने अंगठा दिला, चाचांनी पोचल्याचा शिक्का मारला आणि मॅनेजरला उठवलं. आम्ही तिथे पोचलो तेव्हा आग आपोआप विझलेली होती. ही गोष्ट चाचा पुढे बरीच वर्षं आपल्या बाजूने सांगत.

रोमन भरतीच्या कागदांत शिपायाच्या नावापुढे अंगावरची खूण असे: डाव्या भुवईवर वण, नाहीतर खूण नाही. चाचांनी सगळ्या कॅम्पाच्या खुणा उतरवून काढल्या. माणसं रांगेत उभी राहून बाह्या, लुंग्या वर करून दाखवत होती. एका नव्या पोराच्या अंगावर काहीच सापडेना. तो बिचारा ओशाळला. चाचांनी त्याची समजूत घातली, “राहू दे. इथे काम करतोयस, लागेल काहीतरी.”

गाड्यांना त्यांनी घोड्यांचा कागद लावला. ‘लँडरोव्हर, वय चार, रंग मातकट, उजव्या कुशीला खोक, चढावर अडते.’

आता मी तिथे कशी पोचले ते सांगते. माझा नवरा खाडीवर पडावातून, म्हणजे मालाच्या होडीतून, माल उतरवायच्या कामावर मुकादम होता. एक दिवस फळीवरून घसरून तो पडावाच्या तळाशी आपटला आणि कंबर मोडली. हाड जुळलं, पण वजन उचलणं संपलं. आता दोनच वाटा. बोटीने रत्नागिरीला परत जाऊन दिराच्या घरात, जाऊबाईच्या हाताखाली राहायचं, नाहीतर मी काहीतरी करायचं. लग्नाआधी मी रत्नागिरीत टायपिंगच्या क्लासला जायची. सासरी हे माझं एखादं व्यसन असल्यासारखं लपवून ठेवलेलं होतं. त्याच सुमाराला चाचांचा टायपिस्ट कुवेतला पळाला. नवऱ्याने कुणाकडून तरी शब्द टाकला, आणि मी बुरखा सावरत पत्र्याच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

चाचांनी एक पान टाइप करायला दिलं. मी केलं. त्यांनी हिरवी पेन्सिल कागदावरून वरपासून खालपर्यंत फिरवली, कुठेच टेकवली नाही, आणि खिन्न झाले.

“चूक नाही,” ते म्हणाले. “पण तुला घेता येणार नाही, बाय. बहारीनच्या फॉर्मात बाईमाणसाला रकाना नाही.”

“मग पुरुषाच्या रकान्यात घाला.”

“खोटं लिहू?” ते इतके दुखावले की मला वाईट वाटलं. थोडा वेळ ते पेन्सिल चावत बसले. मग म्हणाले, “माणसांच्या रिटर्नमध्ये जागा नाही. सामानाच्या रिटर्नमध्ये जागा आहे. तुझी हरकत?”

मी म्हटलं, “मला कपाट म्हणून लावलंत तरी चालेल. उद्यापासून येऊ?”

अशी मी लागले. पगार ‘यंत्राची देखभाल’ या नावाखाली निघायचा. आणि खुणांचा नियम मलाही लागू झाला. फक्त सामान असल्यामुळे तो ‘दोष’ म्हणून लागला. ‘दोष: डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग, भाकरीचा तवा. कामाला अडथळा नाही.’ नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो पडल्यापासून पहिल्यांदा हसला, आणि कंबर दुखली म्हणून मलाच बोलला.

नोकरी लागल्यावर थोड्याच दिवसांत कागदाचं प्रकरण झालं. आमचा कागद मुंबईहून बोटीने यायचा आणि बोटीतून पडावाने किनाऱ्याला. एका खेपेला पडावात पाणी शिरलं आणि सगळे गठ्ठे भिजून लगदा झाले. पुढची बोट लांब होती. मॅनेजरला मनातून आनंद झाला. आता काही दिवस सही करावी लागणार नव्हती. पण चाचा दुसऱ्या दिवशी सकाळी फुटक्या माठांचे तुकडे पाटीत घालून आले. इजिप्तच्या वाळवंटात रोमन शिपाई असंच करायचे म्हणे. कागद महाग, म्हणून खापरांवर लिहायचे. कुणी भाजी मागवायचा, कुणी पाव, कुणी तक्रार करायचा की मी एवढी पत्रं पाठवली आणि तुझं एकाचंही उत्तर नाही. ही शेवटची तक्रार चाचांची फार लाडकी. “हा शिपाई रत्नागिरीचाच असणार,” ते म्हणायचे.

मग आमचं ऑफिस खापरांवर चालू झालं. भंडारी कांद्याची मागणी खापरावर आणायचा. रजेचे अर्ज खापरावर. मोठी खापरं मोठ्या साहेबांना, छोटी मजुरांना. एकाने खापरावर मागितलेली रजा चाचांनी नाकारली, तेव्हा त्याने ते खापर फोडून टाकलं. चाचांनी सगळे तुकडे गोळा करून फाइल केले. फाइल म्हणजे कांद्याचं पोतं. माझं टायपिंग बंद होतं, म्हणून मी खडूने लिहायची. सगळ्यांना गंमत वाटत होती. चाचांना वाटत नव्हती. ते कामात होते.

महिना संपला आणि बहारीनला रिटर्न पाठवायची वेळ आली.

“चाचा, हे पोतं पाठवायचं?”

“मग काय, उशीर करायचा?”

त्यांनी खापरं खजुराच्या करंडीत नीट रचून, मध्ये पेंढा भरून तिकडे जाणाऱ्या धावावर, म्हणजे अरबी गलबतावर, चढवली. आठ-पंधरा दिवसांनी बहारीनचं पत्र आलं. करंडीतली मडकी वाटेत फुटली असून त्याबद्दल नाखव्याकडे नुकसानभरपाई मागितलेली आहे, तरी मडक्यांची मूळ किंमत कळवावी. चाचांनी ते पत्र वाचलं, टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी घातली. मग त्यांनी नाखव्याच्या बाजूने बहारीनला इतकं मोठं पत्र लिहिलं की नवीन आलेल्या कागदातला बराचसा त्यात संपला.

परवलीच्या शब्दाचंही असंच. रोमन छावणीत रोज नवा शब्द ठरायचा आणि तो रिपोर्टात लिहिला जायचा. बहुतेक करून कुठल्यातरी देवाचं किंवा ग्रहाचं नाव. “त्यांचे देव आपल्याला चालायचे नाहीत,” चाचा म्हणाले, “आणि ग्रह कुणाला ठाऊक नाहीत. मासे सगळ्यांना ठाऊक आहेत.” त्यामुळे आमच्या फाटकावर एक दिवस सुरमई असायची, एक दिवस बांगडा, एक दिवस बोंबील. फाटकावर बलुची चौकीदार होता. नियम म्हणजे नियम, या बाबतीत तो चाचांचाही बाप. मॅनेजरला तो स्वतःच्याच कॅम्पाबाहेर उभा करायचा. शेवटी मॅनेजर रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन, कुणी बघत नाही ना ते पाहून विचारू लागला, “टुडे, विच फिश?”

आता मुख्य गोष्ट. मी टायपरायटरचा भाग आहे, हे चाचांनी लपवलेलं नव्हतंच. दर महिन्याच्या रिटर्नमध्ये ते साफ लिहिलेलं जायचं. बहारीनमध्ये कुणी वाचत नव्हतं, एवढंच. पहिल्या वर्षी तिकडून यंत्राच्या तेलाचा डबा आला आणि धूळ बसू नये म्हणून दोन झाकणं आली, एक टायपरायटरचं आणि एक ‘जोडभागासाठी’. दुसरं मी भाकऱ्यांच्या टोपलीवर घातलं. पुढे तिथे कुणाच्या तरी लक्षात आलं की सगळ्या आखातात कंपनीचे इतके टायपरायटर आहेत, पण एकट्या शारजाच्या टायपरायटरला देखभालीचा खर्च येतो तो एखाद्या माणसाच्या पगाराएवढा. तेव्हा ऑडिटर निघाला.

ही बातमी आली त्या दिवशी मी घरी काही बोलले नाही. नवरा भिंतीला धरून चालायला लागला होता. मुंबईची बोट पुढच्या आठवड्यात होती. ऑडिटरने मला काढलं तर त्या बोटीत आम्ही दोघं असणार, हे मला न मोजता कळत होतं. मी चाचांना विचारलं, “आता काय करायचं?”

“काय म्हणजे? रेकॉर्ड दाखवायचं.”

“आणि रेकॉर्ड बघून त्याने मला काढलं तर?”

चाचांनी पेन्सिल कानावरून काढली, परत कानावर ठेवली. “रेकॉर्ड बरोबर आहे,” ते म्हणाले. पण आवाज नेहमीसारखा नव्हता.

ऑडिटर भर दुपारी आले. मी फाटकावरचा हॉर्न ऐकून बाहेर गेले तर गाडीतून उतरलेला एक गृहस्थ, गळ्यात टाय, बगलेत फाइल, बलुची चौकीदाराशी हुज्जत घालतोय.

“ऑडिट,” गृहस्थ म्हणाले.

“ये नहीं है,” चौकीदार म्हणाला.

“बहारीन ऑफिस.”

“ये भी नहीं.”

गृहस्थ स्वतःशी मराठीत काहीतरी पुटपुटले. ते मूळचे नागपूरकडचे निघाले. मी जवळ जाऊन म्हटलं, “सुकट म्हणा.”

“काय जी?”

“सुकट. आजचा शब्द आहे. वाळवलेला जवळा.”

“अहो बाई, मी शाकाहारी माणूस आहे.”

हे मी चौकीदाराला हिंदीत सांगितलं. तो विचारात पडला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, “साहब, खाना नहीं है. सिर्फ बोलना है.”

ऑडिटरसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि शिवी द्यावी तसं खालच्या आवाजात ‘सुकट’ म्हटलं. फाटक उघडलं.

खोलीत आल्यावर त्यांनी एक ग्लास पाणी घेतलं आणि यादी उघडली. पाइप मोजले, पान्हे मोजले, तंबूंना हात लावून पाहिले. माझ्या टेबलाशी आले.

“टायपरायटर एक.” टिक केली. “चालकासहित. चालक म्हणजे काय पार्ट?”

चाचांनी माझ्याकडे बोट केलं.

ऑडिटरांनी यादीतली ओळ परत वाचली. मग म्हणाले, “ही बाई सामानात काहून?”

“माणसांच्या फॉर्मात बाईचा रकाना नाही, साहेब. रकाना पाठवा, मी आजच्या आज हलवतो.”

“रकाना पाठवायला लंडनला विचारावं लागेल.”

“म्हणूनच तर.”

“अन् सामान म्हटलं तर याची डेप्रिसिएशन काढायला पाहिजे. काढली का?”

“काढायला बसलो होतो,” चाचा म्हणाले. “पण हिची स्पीड वाढतेय. उलट्या बाजूची डेप्रिसिएशन कशी दाखवायची, ते कळेना.”

मी म्हटलं, “किंमत वाढवून दाखवा.”

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एखाद्या कपाटाने मत दिलं.

ऑडिटरसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त यादी सरळ हवी होती. ते म्हणाले, “हे चालणार नाही. यादीतून कमी करा.” चाचांनी राइट-ऑफचा छापील फॉर्म काढून पुढे ठेवला. त्यात कारणं छापलेली होती. झिजले, मोडले, हरवले, चोरीला गेले, नादुरुस्त. यातलं एक ठेवून बाकीची खोडायची.

“कुठलं ठेवू?” चाचांनी विचारलं. “झिजलेली नाही. हरवलेली नाही, ही बसलीय. तुम्हाला पाहिजे तर जुन्या फॉर्मातली कारणं आहेत माझ्याकडे. पाण्यात बुडाली. लुटारूंनी मारली.”

“कुठला जुना फॉर्म?”

“रोमन.”

ऑडिटरांनी तिकडे दुर्लक्ष केलं. “नादुरुस्त ठेवा,” ते म्हणाले. “बाई, माझा रिपोर्ट घ्या. तीन प्रती. चारच्या विमानाच्या टपालात गेला पाहिजे.”

त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. पाइप ठीक, पान्हे ठीक, दोन तंबू फाटलेले. शेवटी ‘टायपरायटरचा जोडभाग नादुरुस्त, यादीतून काढावा’. मनात आलं की इथे चुका करायच्या, अक्षरं गाळायची, कार्बन उलटा लावायचा. पण मग मी खरोखरच नादुरुस्त ठरले असते, आणि तसंही खराब पान मशीनमधून काढणं मला कधी जमलं नाही. मी तिन्ही प्रती नीट काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. चाचा खिडकीशी पाठ करून उभे होते. त्या दिवशी त्यांचा एक मोजा खाली आला होता. ‘कधी नाहीत’ असं मी वर लिहिलंय, ते या एका दुपारपुरतं खोडावं.

ऑडिटरसाहेबांनी लाल पेन्सिल काढली आणि वाचायला लागले. पेन्सिल पहिल्या पानावरून खाली आली, दुसऱ्यावरून खाली आली. कुठे टेकली नाही. शेवटच्या ओळीवर थांबली.

खिडकीशी उभे असलेले चाचा म्हणाले, “साहेब, बहारीनहून एक क्वेरी येईल. जोडभाग नादुरुस्त. मग हा रिपोर्ट कुणी टाइप केला?”

खोलीत पंखा नव्हता. ऑडिटरसाहेबांच्या टायवर घाम टपकत होता. मला जाणवलं की हा प्रश्न त्यांना खरोखर टोचतोय. दयामाया त्यांच्याकडे फारशी नसावी. पण रिपोर्टात असं एक वाक्य राहावं, की जे तो रिपोर्टच खोटा पाडतं, हे त्यांना सहन होत नव्हतं.

“मी हाताने लिहून देतो,” ते म्हणाले.

त्यांनी लिहायला घेतलं. दमट कागदावर घामाचा हात पडला आणि शाई पसरून पहिली ओळ निळी झाली. दुसरा कागद घेतला, तोही तसाच. तीन प्रती व्हायच्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं.

“बाई,” ते म्हणाले, “शेवटची ओळ बदला. लिहा. जोडभाग दुरुस्त. कामाला अत्यावश्यक. ठेवावा.” मग थोडं थांबून, “अन् खाली नोट टाका. तेल पाठवू नये.”

मी लिहिलं. चाचांनी मोजा वर ओढला. रिपोर्ट विमानाच्या टपालात गेला, ऑडिटर गेले नाहीत. जाता जाता त्यांनी सहज विचारलं होतं, “तो रोमन फॉर्म काय म्हणता, बघू तरी.” चाचांनी पुस्तक उघडून दिलं. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा दोघे एका शिपायाच्या घोड्याच्या वयावरून वाद घालत बसले होते. भंडाऱ्याने साहेबांसाठी वरण-भात वेगळा रांधला. मी घरी निघताना चाचांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आभार मानतील नाहीतर मानायला लावतील. ते म्हणाले, “परवलीचा शब्द फुटला कसा, ते आधी सांग.”

पुढची वर्षं मी दुरुस्त सामान म्हणून सुखाने काढली. मग पाइप गावापर्यंत पोचले, काम संपलं आणि कंपनीने सगळं विकायला काढलं. चाचांनी यादी वाचून दाखवली आणि लोक बोली लावत गेले. तंबू गेले, पंप गेले, चढावर अडणारी लँडरोव्हर गेली. ‘टायपरायटर एक, चालकासहित’ ही ओळ आली, तेव्हा चाचांनी ती जरा सावकाश वाचली. देऱ्यातल्या एका सिंधी कापडवाल्याने बोली लावली, पैसे टाकले, हमालाने यंत्र उचललं.

“चालक किधर है?” शेठने विचारलं.

मॅनेजर म्हणाला, ती फक्त लिहिण्याची पद्धत आहे. शेठने यादीवर बोट ठेवलं. “जो लिखा है वो दो. नहीं तो माल वापस.” त्याच्याकडे मुंबईची आणि लंडनची पत्रं साचली होती, आणि टायपिस्ट कुणी टिकत नव्हता. चाचांनी मॅनेजरकडे पाहून हात पसरले. रेकॉर्डपुढे त्यांचा काय इलाज.

मी शेठला म्हटलं, “मेरे साथ एक आदमी भी है. खडा नहीं रह सकता, बैठ के कपडा नाप सकता है.” तो म्हणाला, “यल्ला, ले आओ.” त्या दुकानात आम्ही दोघांनी कंपनीपेक्षा जास्त वर्षं काढली. तिथल्या यादीत मी माणूस होते. काम तेच.

चाचा लिलावानंतर लगेच गावी निघाले. खाडीवर बोटीच्या पडावाकडे जाताना दुकानात आले. हाफपँट, मोजे, टोपी, बगलेत दोन पुस्तकं. त्यांनी घडी घातलेला कागद माझ्यापुढे ठेवला.

“काय हे?”

“सकाळचा रिपोर्ट.”

“चाचा, कंपनी संपली. कुणाला देताय रिपोर्ट?”

“चालकाला,” ते म्हणाले. “उरलंय कोण दुसरं?” चहा घेतला नाही. पडाव सुटत होता.

मी कागद उघडला. हजर एक. आजारी नाही. गैरहजर: हेडक्लार्क एक, धान्य आणायला. परवलीचा शब्द सुकट; कारणही दिलं होतं, ‘टिकते म्हणून’.

दोनेक वर्षांनी श्रीवर्धनचा एक माणूस कापड घ्यायला आला. बोलता बोलता म्हणाला, तुमचे ते चाचा गेले, पावसाळ्यात. मी कापडाची घडी घालत विचारलं, “हे लिहून देता का?”

त्याला वाटलं, मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. तो रागावला आणि कापड न घेताच निघून गेला. नवरा म्हणाला, काय हे, गिऱ्हाईक घालवलंस. मी म्हटलं, माझा इलाज नाही. तोंडी खबर आपण धरत नाही. त्यानंतरही लेखी काही आलेलं नाही, आणि मी कुठलंही नाव कमी केलेलं नाही.